रंग, उजेड आणि प्राणवायू

२०२०च्या जून महिन्यात लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. बुलढाणा जिल्ह्याने हे उल्काविवर नेहमी हिरवट पाण्याचं पाहिलेलं. टाळेबंदीच्या त्या दिवसांत त्याची छायाचित्रं देशभर फिरली, नाना तर्क लढवले गेले, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढेही गेलं. पाण्याचे नमुने नागपूरच्या ‘नीरी’ने आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासले. आघारकरच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं की हा रंग हॅलोआर्किया नावाच्या, मिठात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांचा आहे. उन्हाळ्यात पाणी आटलं, क्षारांचं प्रमाण वाढलं आणि हे जीव भरमसाट वाढले.

पण हे जीव गुलाबी का असतात? त्यांना उघड्या पाण्यात दिवसभर रणरणतं ऊन सोसावं लागतं. पेशीतली काही रंगद्रव्यं, ऊन आणि प्राणवायू एकत्र आले की पेशीची नासधूस करणारी रसायनं तयार होतात. ती तिथल्या तिथे निपटून काढण्यासाठी हॅलोआर्किया गाजरातल्या रंगाच्या कुळातलं एक द्रव्य बनवतात. त्याचं नाव बॅक्टेरिओरुबेरिन. गुलाबी रंग ही त्यांची उन्हापासूनची ढाल आहे.

ज्या माऱ्यापासून हे जीव स्वतःला वाचवतात, तोच मारा रोगट पेशीवर किंवा रोगजंतूवर मुद्दाम करायचा आणि शेजारच्या निरोगी पेशींना धक्का लागू द्यायचा नाही, या कल्पनेवर वैद्यकातली एक उपचारपद्धती उभी आहे. तिला फोटोडायनॅमिक थेरपी म्हणतात. इथे आपण प्रकाशोपचार म्हणू. औषधांना दाद न देणारे संसर्ग आणि काही कर्करोग यांवर जगभर तिचा अभ्यास आणि वापर चालू आहे. बुलढाण्यासारख्या जिल्ह्याने तिच्याकडे आवर्जून लक्ष द्यायला हवं. तोंड, कातडी आणि उघड्या जखमा या जागी हा उपचार सर्वांत चांगला चालतो, आणि आपल्याकडचे कितीतरी जीवघेणे आजार नेमके याच जागी सुरू होतात.

उजेडाची जुनी ओळख

उजेडाने बरं करणं आपल्याला अनोळखी नाही. काविळीने पिवळं पडलेलं तान्हं बाळ रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात, डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली ठेवलेलं अनेक घरांनी पाहिलं आहे. निळा उजेड कातडीतल्या बिलिरुबिनच्या रेणूची ठेवण बदलतो आणि मग ते पित्तावाटे, लघवीवाटे सहज बाहेर पडतं. १९५६ साली इंग्लंडमधल्या रॉचफोर्ड रुग्णालयात जीन वॉर्ड ही परिचारिका बाळांना बाहेर उन्हात नेत असे. ऊन लागलेली कातडी फिकी पडते आणि कपड्याने झाकलेला भाग पिवळाच राहतो, हे तिच्या नजरेने टिपलं. आजचा निळा दिवा त्या निरीक्षणातून आला.

त्याहून जुनी गोष्ट बावचीची. कोडाच्या पांढऱ्या डागांवर बावचीचं बी लावून ऊन घेण्याची रीत आयुर्वेदात फार पूर्वीपासून आहे. बावचीत सोरालेन नावाची द्रव्यं असतात. ती स्वतःहून फारसं काही करत नाहीत. अतिनील किरण पडले की ती जागी होतात आणि पेशीतल्या डीएनएला चिकटतात. इजिप्तमध्ये अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी १९४०च्या दशकात दुसऱ्या एका वनस्पतीतून काढलेलं सोरालेन कोडावर वापरलं. १९७४ साली अमेरिकेत सोरालेन आणि अतिनील दिवा यांची सांगड घालून सोरायसिसवर उपचार झाला. पुढे कातडीत सुरू होणाऱ्या एका प्रकारच्या लिंफोमा या कर्करोगावरही हीच सांगड कामी आली. म्हणजे आधी द्रव्य, मग उजेड, आणि दोघं भेटतील तिथेच परिणाम, हे तत्त्व बावचीच्या लेपात होतंच. पण मात्रा चुकली तर याच लेपाने कातडी भाजून फोड येतात. घरच्या घरी तो प्रयोग करू नये.

प्रकाशोपचाराचा आधुनिक पाया म्युनिकमध्ये घातला गेला. ऑस्कर राब हा वैद्यकाचा विद्यार्थी प्राध्यापक हेरमान फोन टापायनर यांच्या हाताखाली काम करत होता. ॲक्रिडीन नावाचा रंग पॅरामेशियम या एकपेशीय जीवाला किती वेळात मारतो, हे त्याला मोजायचं होतं. रंग तोच, प्रमाण तेच, तरी वेळ मात्र दर खेपेला वेगळा येई. राबने प्रयोगाची एकेक बाजू तपासली, तेव्हा फरक खोलीतल्या उजेडाचा निघाला. अंधारात ठेवलेले जीव त्याच रंगात बराच काळ जगत. उजेडात ते लवकर मरत. हे निष्कर्ष १९०० साली प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत टापायनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कातडीच्या गाठींवर इओसिन हा रंग लावून उजेड टाकून पाहिला. पुढे त्यांनीच दाखवून दिलं की या क्रियेला प्राणवायूही लागतो. रंग, उजेड आणि प्राणवायू ही त्रयी तेव्हा पूर्ण झाली.

त्याच सुमाराला कोपनहेगनमध्ये नील्स फिन्सन कातडीच्या क्षयावर प्रखर दिव्याचा झोत टाकून उपचार करत होते. लुपस व्हल्गारिस हा त्या काळी चेहरा विद्रूप करणारा आजार होता. या कामासाठी १९०३ सालचं वैद्यकाचं नोबेल पारितोषिक फिन्सन यांना मिळालं. अतिनील किरणांनी जंतू मरतात, असं पुढची शंभर वर्षं मानलं गेलं. २००५ साली डेन्मार्कच्या संशोधकांनी फिन्सन यांची जुनी भिंगं तपासली, तर त्यांच्या काचेतून जंतुनाशक अतिनील किरण पलीकडे जातच नव्हते. क्षयाच्या जंतूत पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्यं मुळातच असतात आणि जांभळ्या-निळ्या उजेडाने ती पेटून उठतात. फिन्सन यांना माहीत नव्हतं, पण ते प्रकाशोपचारच करत होते.

पेशीच्या आत काय घडतं

प्रकाशसंवेदक रंगाचा रेणू ठरावीक तरंगलांबीचा उजेड शोषतो आणि ती ऊर्जा शेजारच्या प्राणवायूला देतो. साधा प्राणवायू मग सिंगलेट ऑक्सिजन या अतिशय चंचल रूपात येतो. समोर येईल त्या प्रथिनावर, चरबीवर, डीएनएवर तो तुटून पडतो. त्याचं आयुष्य सेकंदाच्या फार तर काही दशलक्षांश भागाएवढं असतं. तेवढ्यात तो पेशीच्या रुंदीचा जेमतेम शंभरावा भाग पार करतो. म्हणून रंग जिथे साठला आणि उजेड जिथे पडला, तेवढीच जागा जळते. कातडीवर उजेड पडला पण रंग नाही, तर काही होत नाही. रक्तात रंग आहे पण उजेड नाही, तरी काही होत नाही. डॉक्टरच्या हातात अशी दोन स्वतंत्र नियंत्रणं देणारे उपचार थोडेच आहेत.

गाठीत प्रकाशोपचार आणखी दोन कामं करतो. गाठीला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या बंद पडतात, आणि फुटलेल्या पेशींचे अवशेष पाहून शरीराची प्रतिकारशक्ती सावध होते.

उजेड किती खोल जातो, हा कळीचा प्रश्न. अंधाऱ्या खोलीत मोबाइलचा टॉर्च बोटाखाली धरला की बोट लालभडक दिसतं. टॉर्चचा उजेड तर पांढरा असतो. त्यातला निळा आणि हिरवा भाग रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, लाल भाग पार होतो. म्हणून बहुतेक प्रकाशोपचार लाल उजेडावर चालतात. तोही शरीराच्या ऊतींमध्ये साधारण अर्धा ते एक सेंटीमीटरच परिणामकारक राहतो. निळा तर एक मिलिमीटरच्या आतच संपतो. अन्ननलिका, श्वासनलिका, मूत्राशय अशा पोकळ अवयवांत प्रकाशतंतू सरकवून उजेड आत नेता येतो. पण शरीरभर पसरलेल्या कर्करोगाचा किंवा रक्तात भिनलेल्या संसर्गाचा हा इलाज नव्हे. हे पक्कं लक्षात ठेवलं, तर पुढची आशा आणि पुढचे धोके दोन्ही नीट कळतात.

कर्करोगावर

अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या रॉसवेल पार्क या कर्करोग संस्थेत थॉमस डोहर्टी यांनी १९७८ साली २५ रुग्णांच्या ११३ गाठींवर केलेल्या उपचाराचा अहवाल दिला. त्यातल्या १११ गाठी पूर्ण किंवा अंशतः विरल्या. त्यांच्या कामातून घडलेल्या फोटोफ्रिन या औषधाला कॅनडाने १९९३ साली मूत्राशयाच्या कर्करोगासाठी आणि अमेरिकेने १९९५ साली अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी मान्यता दिली. फोटोफ्रिनची एक मोठी अडचण होती. ते कातडीत आठवडेच्या आठवडे रेंगाळतं. उपचारानंतर महिना-दीड महिना रुग्णाला उन्हापासून जपावं लागतं. एप्रिल-मे महिन्यात खामगाव-मलकापूरकडच्या शेतमजुराला हे पथ्य कसं पाळता येईल, याचा विचार केला की या औषधाची मर्यादा ध्यानात येते.

त्यावर तोडगा निघाला तो ए.एल.ए. या द्रव्याचा. याचं पूर्ण नाव अमिनोलेव्ह्युलिनिक ॲसिड. हे स्वतः रंगद्रव्य नाही. रक्तातलं हीम घडवताना आपल्या पेशी ते रोजच वापरतात. बाहेरून जास्तीचं दिलं, तर पेशी त्यापासून प्रोटोपॉर्फिरिन नावाचं प्रकाशसंवेदक द्रव्य बनवतात. निरोगी पेशी त्याचं पुढे हीममध्ये रूपांतर करून टाकतात. कर्करोगाच्या पेशींत ही शेवटची पायरी अडखळते, म्हणून ते तिथे साठतं. एक-दोन दिवसांत ते शरीरातून जातंही. त्याचा आणखी एक गुण असा की निळ्या-जांभळ्या उजेडात ते लाल चमकतं. मेंदूच्या गाठी काढताना शल्यविशारद याच लाल चमकेच्या आधाराने गाठीची कड ओळखतात.

आपल्या कामाचा प्रयोग इथून सुरू होतो. तय्यबा हसन या भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञ बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये अनेक वर्षं प्रकाशोपचारावर काम करत आहेत. डोळ्याच्या पडद्याच्या विकारावरचं व्हिझुडाइन हे औषध घडवण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. वीज जाते, महागडी लेझर यंत्रं परवडत नाहीत, तज्ज्ञ मोजके असतात, अशा ठिकाणी हा उपचार कसा करता येईल, हा प्रश्न त्यांनी आणि मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या बोस्टन शाखेतल्या जोनाथन सेली यांनी हाती घेतला. त्यासाठी बॅटरीवर चालणारा एलईडी दिवा तयार झाला, आणि चमक टिपायला स्मार्टफोनचा कॅमेरा जोडला गेला. त्याची रुग्णांवरची चाचणी अलिगढ मुस्लिम विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयात झाली. रुग्ण होते तोंडाच्या कर्करोगाचे, पण अगदी पहिल्या टप्प्यातले, म्हणजे गाठ लहान आणि मानेत पसरलेली नाही असे.

उपचार असा चालतो. रुग्णाला ए.एल.ए.चं द्रावण प्यायला देतात. मग औषध साठायला वेळ द्यायचा. निळ्या-जांभळ्या दिव्याखाली फोनने तोंडाचं छायाचित्र घेतलं की गालाच्या आतला रोगट चट्टा लाल उजळतो आणि कुठवर उजेड टाकायचा ते ठरतं. मग लाल उजेड प्रकाशतंतूतून तोंडात नेतात. जीभ, गाल, हिरडी अशा जागेप्रमाणे बसेल असं टोक त्याला लावलेलं असतं. तो उजेड नेमून दिलेल्या मात्रेत चट्ट्यावर स्थिर धरतात. नंतर पुन्हा छायाचित्र काढतात. लाल चमक मावळलेली असली तर औषध खर्ची पडलं, म्हणजे काम झालं. कापाकापी नाही, गालाचा तुकडा काढावा लागत नाही. बहुतेक रुग्णांत गाठ पूर्ण गेली आणि जागा फारशी न आखडता भरून आली. ही चाचणी लहान होती. शस्त्रक्रियेची जागा तिने घेतलेली नाही. पण चालत्या बॅटरीवर आणि खिशातल्या फोनवर हा उपचार होऊ शकतो, हे तिने भारतातच, भारतीय रुग्णांवर दाखवलं.

ज्या जिल्ह्यात तंबाखू-चुन्याची डबी खिशात आणि मशेरी कोनाड्यात असते, २०१२च्या बंदीनंतरही गुटखा मिळतो आणि खर्रा उघड चघळला जातो, त्या जिल्ह्यासाठी याचं मोल मोठं आहे. भारतात दरवर्षी लाखाहून अधिक लोकांना ओठ-तोंडाचा कर्करोग झाल्याचं निदान होतं. तो एका रात्रीत होत नाही. तंबाखूची गोळी जिथे धरतात त्या जागी आधी पांढरा किंवा लाल चट्टा येतो, गालाची आतली कातडी ताठरते, तोंड पुरतं उघडेनासं होतं. ती वर्षं फुकट जातात, कारण दुखत नाही. उजेड पोहोचेल इतकी उथळ आणि लहान अवस्था नेमकी तीच असते.

संशोधनाची पुढची पावलं आणखी नेमकी आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतल्या हिसाताका कोबायाशी यांनी प्रकाशसंवेदक रंग थेट प्रतिपिंडाला जोडला. प्रतिपिंड कर्करोगाच्या पेशीवरची ठरावीक खूण ओळखून तिला चिकटतो आणि मग लाल उजेडाचा झोत टाकला की ती पेशी फुटते. डोक्या-मानेच्या परत उलटलेल्या कर्करोगासाठी जपानने २०२० साली या फोटोइम्युनोथेरपीला मान्यता दिली. मुंबईत आयआयटीचे रोहित श्रीवास्तव आणि खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या संशोधन केंद्रातले अभिजित डे यांच्या गटांनी वेगळी वाट धरली. चरबीच्या सूक्ष्म गोळीवर सोन्याचा पातळ मुलामा द्यायचा, ती गाठीत पोहोचली की डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त उजेडाने तापवायची आणि गाठ उष्णतेने मारायची. काम झाल्यावर ती गोळी शरीराला बाहेर टाकता येईल इतक्या बारीक कणांत विरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेलं हे काम उंदरांवरचं आहे. इथे प्राणवायूची गरज लागत नाही, ही जमेची बाजू. कारण मोठ्या गाठीच्या पोटात प्राणवायू कमीच असतो आणि साधा प्रकाशोपचार तिथे थिटा पडतो.

हट्टी संसर्गावर

औषधाला न जुमानणारा जंतू म्हणजे काय, हे कापूस पिकवणाऱ्याला समजावून सांगावं लागत नाही. बीटी कपाशीतल्या विषाने आधी बोंडअळी मरायची. काही वर्षांत गुलाबी बोंडअळीने ते विष पचवलं आणि २०१७ साली विदर्भातली बोंडं पोखरून काढली. प्रतिजैविकांचंही तसंच झालं. औषध जंतूच्या एखाद-दुसऱ्या कामावर नेम धरतं. जंतू तेवढा भाग बदलतो, औषध बाहेर फेकणारे पंप बसवतो किंवा औषध तोडणारं विकर बनवतो. डॉक्टरांचा सल्ला न घेता, अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी त्याला सरावच मिळतो. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंनी २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२.७ लाख बळी थेट घेतले, असा अंदाज आहे.

सिंगलेट ऑक्सिजन असा एक नेम धरत नाही. तो आवरण, प्रथिनं, डीएनए सगळीकडे एकाच वेळी घाला घालतो. त्यामुळे एखादा भाग बदलून निसटण्याची वाट जंतूला सापडणं फार अवघड होतं, आणि प्रतिजैविकांना पुरून उरलेले जंतूही यात मरतात. पण मात्रा अपुरी पडली तर जंतू थोडी सहनशक्ती कमावतात, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. म्हणून इथेही अर्धवट उपचार नकोच.

कॅनडातल्या व्हँकुव्हर जनरल हॉस्पिटलने याचा मोठा वापर केला. शस्त्रक्रियेनंतरच्या जखमेत पू करणारे जंतू बऱ्याचदा रुग्णाच्या स्वतःच्या नाकातूनच आलेले असतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी नाकपुड्यांत मेथिलीन ब्लू हा निळा रंग लावून काही मिनिटं लाल उजेड देण्याची आणि अंग जंतुनाशकाने पुसण्याची पद्धत तिथे सुरू झाली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात ३,०६८ रुग्णांची नोंद आहे. जखमेच्या संसर्गाचं प्रमाण आधीच्या वर्षांच्या २.७ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आलं.

मेथिलीन ब्लू कुठल्या परदेशी कंपनीचं गुपित नाही. पॉल एर्लिख यांनी १८९१ साली ते हिवतापावर वापरून पाहिलं होतं. थुंकीतला क्षयाचा जंतू पाहताना काचपट्टीची पार्श्वभूमी ज्या निळ्या रंगाने रंगवतात, तो हाच. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्याची बाटली वर्षानुवर्षं असते. लाल उजेड त्याला चांगला मानवतो आणि त्याच्या रेणूवर धन विद्युतभार असतो. हा भार महत्त्वाचा आहे, कारण ई. कोलाय, स्युडोमोनास अशा ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना दुहेरी आवरण असतं आणि ऋण भाराचे रंग त्यातून आत शिरत नाहीत. धन भाराचे शिरतात.

ब्राझीलमध्ये जुआँव पाउलो तार्दिव्हो यांनी मधुमेही रुग्णांच्या चिघळलेल्या पायांवर असे स्वस्त रंग आणि साधे दिवे वापरले. हाडापर्यंत संसर्ग गेलेल्या रुग्णांचे दोन गट होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या सर्व १६ जणांना पायाचा काही ना काही भाग गमवावा लागला. जोडीला प्रकाशोपचार मिळालेल्या १८ जणांपैकी एकालाच तशी वेळ आली. हा अभ्यास छोटा आहे, त्यावरून सर्वत्र नियम बांधता येत नाही. तरी अनवाणी शेतात राबणारा, साखर वाढलेली पण कधी तपासली नाही असा माणूस डोळ्यांपुढे आणला, म्हणजे असे अभ्यास आपल्याकडे का व्हायला हवेत ते उमगतं. मधुमेहात पायाची संवेदना जाते, काटा रुतलेला कळत नाही, आणि जखम दिसते तेव्हा ती काळी पडलेली असते.

लोणारच्या गुलाबी जीवांसारखी ढाल रोगजंतूंकडेही असते. जखमांत, फोडांत सापडणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सोनेरी दिसतो. त्याचा हा सोनेरी रंगही कॅरोटिनॉइड, म्हणजे गाजरातल्या रंगाच्या कुळातलाच आहे आणि आपल्या पांढऱ्या पेशींच्या रासायनिक माऱ्यापासून तो जंतूला वाचवतो. बोस्टन विद्यापीठातल्या जी-शिन चेंग यांच्या गटाने २०१९ साली दाखवलं की निळ्या उजेडाने हा रंग विटतो. मग मेथिसिलिन या प्रतिजैविकाला न जुमानणारा याच जातीचा जंतूही हायड्रोजन पेरॉक्साइडपुढे दुबळा ठरतो. ढाल काढून घेतली की जुनी, साधी औषधं पुन्हा कामी येऊ शकतात.

क्षयाबाबत मात्र सावध राहायला हवं. बुलढाण्याच्या उत्तरेला सातपुड्याच्या पलीकडे, इंदूरच्या प्रगत तंत्रज्ञान केंद्रात (आजचं राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र) नायट्रोजन लेझर घडवला गेला. औषधांना दाद न देणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयात, फुप्फुसात पडलेल्या पोकळीपर्यंत तो उजेड पोहोचवण्याचे प्रयोग १९९०च्या दशकात इंदूरला झाले. ते महत्त्वाचे होते, पण क्षयाचा उपचार आजही औषधांचाच आहे. याच केंद्राने पुढे तोंडाच्या कर्करोगाची शंका उजेडाच्या मदतीने हेरणारं ऑन्कोडायग्नोस्कोप हे सुटसुटीत यंत्र बनवलं. शिबिरात तपासणी करायला असं उपकरण खूप उपयोगी आहे.

कुणाला कशाची आशा धरता येईल

बाजारात ‘लेझर’ आणि ‘लाल उजेड’ या नावाखाली बरंच काही विकलं जातं. प्रकाशोपचाराची खरी ओळख सोपी आहे. कोणता रंग किंवा औषध देणार, कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती मात्रेत देणार, आणि माझ्या आजारात याचा पुरावा काय, या तीन प्रश्नांची उत्तरं डॉक्टरने सरळ दिली पाहिजेत. मेथिलीन ब्लू घरी आणून जखमेला लावणं, त्यावर टॉर्च धरणं हा उपचार नव्हे. काही आनुवंशिक विकारांत आणि काही औषधांसोबत हा रंग पोटात गेला तर धोका होतो. उपचारात आग होते, जळजळते, सूज येते. त्याचीही पूर्वकल्पना द्यायला हवी.

एक सौम्य उजेडही आहे, जो पेशी मारत नाही. डोक्या-मानेच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना तोंड इतकं सोलून निघतं की पाणी गिळणं कठीण होतं. कमी शक्तीचा लाल उजेड ठरावीक मात्रेत दिला तर हे व्रण कमी होतात, असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटांनी त्याची शिफारस केली आहे. किरणोपचारासाठी छत्रपती संभाजीनगरला किंवा नागपूरला जाणाऱ्या रुग्णाच्या नातलगांनी त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारावं.

२०२४ साली बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. शिकवणारं रुग्णालय जिल्ह्यातच असल्याने तोंडाचे चट्टे आणि मधुमेही पाय या दोन विषयांवर अलिगढसारख्या शिस्तशीर चाचण्या इथे होऊ शकतात. रुग्ण इथेच आहेत, रंग स्वस्त आहे, दिवा बॅटरीवर चालतो. हवं आहे ते प्रशिक्षण, नोंदी ठेवण्याची शिस्त आणि पाठपुरावा. हे काम मोठ्या शहरांवर सोडून देऊ नये.

तोवर प्रत्येकाने एक गोष्ट करावी. दिवसाउजेडी आरशासमोर तोंड उघडून गालांच्या आतली बाजू, जिभेच्या कडा आणि जिभेखालची जागा पाहावी. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण किंवा तीन बोटं मावतील इतकं तोंड न उघडणं यांपैकी काहीही आढळलं, तर ग्रामीण रुग्णालयातल्या किंवा जिल्हा रुग्णालयातल्या दंतचिकित्सकाला दाखवावं. तिशी ओलांडलेल्यांची तोंडाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत होते. गावच्या आशाताईंना विचारलं तर त्या तारीख सांगतील. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर समुपदेशक मदत करतात. उजेडाचा उपचार असो की शस्त्रक्रिया, आजार लवकर सापडला तरच दोन्ही कामाला येतात. चट्टा दिसला तर तो याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा.